लिटरमागे किती, वर्षाकाठी किती?

कंपनीच्या दाव्यानुसार ग्रँड विटारा स्ट्राँग हायब्रिड लिटरला 27.97 किमी धावते, तर 2024 ची मॅन्युअल स्विफ्ट 24.80 किमी. वर्षाला 10,000 किमी धरले, तर फरक सुमारे 46 लिटरचा. पेट्रोल 105 रुपयांनी मोजले, तरी बचत पाच हजारांच्या आत, आणि गाड्यांच्या किमतीत मात्र लाखांचे अंतर! शहरी कोंडीत हायब्रिड बराच वेळ बॅटरीवर सरकते, म्हणून तिथे बचत वाढते. एक्स्प्रेसवेवर हा फायदा आटतो. ‘स्मार्ट हायब्रिड’ मात्र निव्वळ बॅटरीवर चालत नाही, हे शोरूममध्ये स्पष्ट विचाराच. डिकीही उघडून पाहा. स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी तिथली जागा खाते. रोजचा प्रवास थोडा असेल, तर छोटी हॅचबॅकच घ्यावी.