तळहातातून जाणारा कण

मुंबईतल्या देवनार डेपोच्या स्टॉपवर बसची वाट बघताना तळहात आडवा धरून बघा. साधारण दर सेकंदाला म्युऑन नावाचा एक कण त्यातून आरपार निघून जातो. लागत नाही, दिसत नाही; डेपोचं छप्पर त्याला अडवत नाही, डंपिंगचा धूर तर नाहीच. अंतराळातून आलेले विश्वकिरण हवेतल्या अणूंवर आदळतात, त्यातून पायॉन निघतात आणि पायॉन मोडून म्युऑन होतात. हे घडतं आपल्या डोक्यावर पंधराएक किलोमीटर उंचीवर. म्युऑनचं आयुष्य सरासरी 2.2 मायक्रोसेकंद. तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम 660 मीटर जातो, मग हा देवनारला पोचतो कसा? वेगामुळे त्याचं घड्याळ आपल्या हिशोबाने मंद चालतं म्हणून. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा पुरावा असा बसस्टॉपवर फुकट मिळतो.

या कणांचा माग काढायला फार लवकर निघालेल्या बाई म्हणजे बिभा चौधुरी. जन्म 1913, कोलकात्याचा. 1936 साली पदार्थविज्ञानात एमएस्सी झाल्या तेव्हा वर्गात त्या एकट्याच मुलगी. पुढे देबेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर त्यांनी फोटोच्या प्लेटा दार्जिलिंग, संदकफू अशा उंच जागी नेऊन महिनोन्‌महिने ठेवल्या. विद्युतभारित कण प्लेटवरच्या लेपातून गेला की त्याच्या वाटेवर, प्लेट धुतल्यानंतर, काळ्या ठिपक्यांची रांग उमटते. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा, ठिपके मोजायचे, रांग कुठे किती वळली ते बघायचं आणि त्यावरून कणाचं वस्तुमान काढायचं. डाळीतले खडे निवडण्याइतकं चिवट काम. उत्तर आलं ते इलेक्ट्रॉनच्या दोनशेएक पट. ‘नेचर’मध्ये हे छापून आलं तेव्हा दुसरं महायुद्ध पेटलेलं होतं आणि अधिक चांगल्या प्लेटा मिळेनाशा झाल्या होत्या.

तशा प्लेटा युद्धानंतर ब्रिस्टलच्या सेसिल पॉवेल यांच्या हाती आल्या. 1947मध्ये पायॉन सापडला, 1950मध्ये नोबेल. बिभाबाईंचं नोबेल हुकलं, असं सरसकट म्हणायला मी कचरतो. त्यांच्याकडच्या प्लेटांवर म्युऑन आणि पायॉन वेगळे ओळखणं अवघडच होतं. पण वाट त्यांनी आधी मळलेली होती, आणि तसा उल्लेख खुद्द पॉवेल यांनी केलेला आहे.

मँचेस्टरला पॅट्रिक ब्लॅकेट यांच्याकडे पीएचडीचं काम करून 1949मध्ये त्या मुंबईत आल्या. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या त्या पहिल्या स्त्री संशोधक. संस्थेचा मुक्काम तेव्हा गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात होता. 1957पर्यंत त्या तिथे होत्या. पुढे कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या प्रयोगांशीही त्यांचा संबंध आला: आधी डोंगरमाथा, मग जमिनीचं पोट. 1991 साली त्या गेल्या. भाभांचं नाव देवनार-मानखुर्दच्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. बिभाबाईंचं नाव मी तरी शाळेत कधी ऐकलं नाही.

2019मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने नामकरणासाठी भारताच्या वाट्याला आलेल्या एका ताऱ्याचं नाव ‘बिभा’ ठेवलं. अंतर सुमारे 340 प्रकाशवर्षं. त्याच्याभोवती गुरूसारखा एक ग्रह दोन दिवसांत फेरी मारतो; त्याचं नाव ‘संतमस’. तारा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. एप्रिलच्या रात्री सिंह रास डोक्यावर आली की तिच्या जरा दक्षिणेला दुर्बीण लावून तो शोधावा लागतो, आणि तेही देवनारचे दिवे मागे टाकून.