यंत्रमागाच्या इमारतींतील कंपने व निष्क्रिय अवमंदक

भिवंडीलगतच्या दापोडे परिसरात आज गोदामांची दाटी दिसते. तथापि या भागाची जुनी ओळख यंत्रमागाची आहे. माग जमिनीवर असेल तर त्याचे बहुतेक हादरे जमीन पचवते. तोच माग दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर चढवला की अवघी इमारत डोलू लागते. भिंतींच्या भेगांचे व शेजाऱ्यांच्या झोपमोडीचे हे एक कारण होय.

साध्या धोट्याच्या मागात फणीची जड चौकट प्रत्येक आडव्या धाग्यामागे एकदा पुढे-मागे होते. मिनिटाला १५० धागे पडत असल्यास इमारतीवर २.५ हर्ट्झ कंप्रतेचे आडवे बल येते. भारतीय मानक १८९३ (भाग १) च्या २०१६ च्या आवृत्तीतील सूत्रानुसार ९ मीटर उंचीच्या, भिंती न भरलेल्या काँक्रीट सांगाड्याची नैसर्गिक कंप्रता सुमारे २.६ हर्ट्झ येते. दोन्ही आकडे एकमेकांना भिडतात आणि अनुस्पंदन घडते. विटांच्या भिंतींमुळे कंप्रता वाढते. म्हणून केवळ सूत्रावर न विसंबता प्रत्यक्ष मापन करणे श्रेयस्कर.

बाहेरील ऊर्जा न घेता कंपने शमविणाऱ्या साधनांस निष्क्रिय साधने म्हणतात. त्यांतील सर्वपरिचित साधन म्हणजे मागाखालील रबरी गादी. धोट्याच्या फटक्याचा तीव्र आघात व आवाज ती निश्चितच कमी करते; इमारतीचा संथ डोल मात्र तिच्या आवाक्यात नाही. २.५ हर्ट्झचे उभे कंपन अडवू लागण्यासाठीदेखील आधार इतका मऊ हवा की, मागाच्या वजनानेच तो सुमारे ८ सेंटिमीटर दबेल. अशा आधारावर विणकाम कसे व्हावे?

डोलावरील उपाय म्हणजे समस्वरित वस्तुमान अवमंदक. स्प्रिंगवर बसविलेले वस्तुमान इमारतीच्या कंप्रतेशी जुळवले की ते तिच्या विरुद्ध झुलते आणि सोबतचा अवमंदक ऊर्जा शोषतो. फ्राम यांनी या तत्त्वाचे पेटंट १९०९ मध्ये घेतले. तैपेई १०१ या मनोऱ्यात ६६० टनांचा गोळा त्यासाठीच टांगला आहे. लहान इमारतीस कंप पावणाऱ्या वस्तुमानाच्या एक-दोन टक्के वजन पुरू शकते. गच्चीवरील पाण्याची टाकी हे काम आपोआप करते, हा समज चुकीचा आहे. दोन मीटर लांबीच्या टाकीतील पाणी फार तर ०.६ हर्ट्झने हेलकावते, २.५ हर्ट्झसाठी जेमतेम १२ सेंटिमीटर रुंदीचे कप्पे लागतील.

मागाचा वेग १२० वर आणणे हा बिनखर्चाचा पर्याय आहे. तीन टक्के अवमंदन गृहीत धरल्यास विवर्धन सुमारे दहापटीवरून अडीचपटीवर उतरते, परंतु कापडाचे उत्पादनही एक-पंचमांशाने घटते. अवमंदकाची किंमत या तोट्याशी ताडून पाहावी लागते. शिवाय मजल्यावर आणखी माग चढवले की इमारतीची कंप्रता खाली सरकते आणि अवमंदकाची जुळणी पुन्हा करावी लागते.