चिमूटभर मीठ, मूठभर गूळ : विज्ञान घरोघरी कसे पोहोचते

विज्ञानात एखादा शोध लागणे ही एक गोष्ट होय आणि तो शोध सामान्य माणसाच्या उपयोगी पडणे ही दुसरी. या दोहोंमधील अंतर पुष्कळदा फार मोठे असते. ते केवळ भाषणांनी किंवा भित्तिपत्रकांनी तुटत नाही. निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या, निरनिराळ्या चालीरीती पाळणाऱ्या लोकांपर्यंत ज्ञान न्यावयाचे असल्यास कोणत्या गोष्टींची काळजी घ्यावी लागते, हे जुलाबावरील एका साध्या उपचाराच्या इतिहासावरून चांगले समजते.

उपचारामागील तत्त्व

पटकी किंवा तीव्र अतिसार झाला असता शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने बाहेर पडतात. लहान मूल अशा वेळी काही तासांतच दगावू शकते. हे पाणी शिरेवाटे भरून काढता येते. परंतु त्यासाठी निर्जंतुक द्रव, सुया आणि शिकलेली माणसे लागतात. पोटातून पाणी दिल्यास आतडे ते शोषून घेणार नाही, असा पूर्वी सर्वसाधारण समज होता. १९६० साली रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले की, लहान आतड्यात द्राक्षशर्करा व सोडियम ही एकमेकांच्या सोबतीने शोषली जातात. त्यांच्या मागोमाग पाणीही शोषले जाते. पटकीतसुद्धा आतड्याची ही शक्ती शाबूत राहते. १९६८ साली ढाक्यातील प्रयोगांत डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश यांनी साखर व क्षार यांचे द्रावण तोंडाने पाजून रोग्यांच्या शरीरातील पाणी टिकवून दाखविले.

१९७१ साली पूर्व बंगालमधून लक्षावधी निर्वासित भारतात आले. सीमेवरील बनगाव येथे पटकीची साथ उसळली. शिरेतून देण्याचा द्रव अपुरा पडू लागला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे द्रावण पिंपांत भरून ठेवले आणि रोग्यांच्या नातलगांनाच ते पाजावयास सांगितले. मृत्यूचे प्रमाण शेकडा सुमारे तीसवरून चारच्याही खाली आले. घरची माणसे हा उपचार करू शकतात, हे यावरून सिद्ध झाले.

घरातील मापे

आता प्रश्न होता तो खेड्यापाड्यांतील घरांचा. बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने १९८० सालापासून दहा वर्षे हे काम केले. तयार पुड्या सर्वत्र पुरविणे त्या काळी शक्य नव्हते. म्हणून बहुतेक घरांत असणारे मीठ आणि गूळ यांचीच निवड करण्यात आली. तराजू वा मापपात्र घरात असण्याचा संभव नव्हता, म्हणून हातालाच माप बनविण्यात आले. अर्धा शेर पाण्यात तीन बोटांची एक चिमूट मीठ आणि एक मूठ गूळ, असे ते प्रमाण होते. स्वयंसेविका घरोघर जाऊन आईकडूनच द्रावण करवून घेत. मीठ जास्त झाल्यास मुलाला अपाय होतो, म्हणून मातांनी केलेल्या द्रावणांचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जात. सांगावयाच्या गोष्टीही मोजक्याच ठेवल्या होत्या. प्रथम त्या दहा होत्या. पुढे त्या सातच करण्यात आल्या.

स्वयंसेविकांचे वेतन ठरविण्याची रीतही लक्षात घेण्याजोगी होती. त्या किती घरी गेल्या, हे पाहिले जात नसे. काही दिवसांनी दुसरे कार्यकर्ते त्यांतील निवडक घरी जात आणि आईला काय आठवते व द्रावण बरोबर करता येते की नाही, हे पाहत. त्यावर वेतन अवलंबून असे. यामुळे शिकविण्यापेक्षा शिकले जाण्याला महत्त्व आले.

आठवण होती, वापर नव्हता

तरीही प्रारंभी एक विलक्षण गोष्ट आढळून आली. मातांना कृती तोंडपाठ होती. परंतु मूल आजारी पडल्यावर फारच थोड्या माता द्रावण देत. मातांचे अज्ञान किंवा हट्ट हे याचे कारण म्हणून सांगणे सोपे होते. संस्थेने तसे न करता शोध घेतला, तेव्हा तीन कारणे दिसून आली.

पहिले कारण शब्दाचे होते. शिकविताना ‘डायरिया’ हा शब्द वापरला जाई. गावातील लोक मात्र या विकाराचे चार प्रकार मानीत : अंगावर पिणाऱ्या मुलाची ‘दुध हागा’, अपचनाचे ‘अजीर्ण’, आवेचा ‘आमाशा’ आणि पटकीसारखा तीव्र ‘डायरिया’. अर्थात हे औषध केवळ शेवटच्या प्रकारासाठी आहे, अशी मातांची समजूत झाली. मराठीतही जुलाब, हगवण, ढाळ, आव आणि पटकी हे शब्द एकाच अर्थाचे नाहीत, हे येथे ध्यानात घ्यावे.

दुसरे कारण विश्वासाचे होते. स्वतः आजारी पडल्यावर कित्येक स्वयंसेविका गोळ्याच घेत. ज्यावर सांगणाऱ्याचाच भरवसा नाही, त्यावर ऐकणाऱ्याने भरवसा कसा ठेवावा? म्हणून त्यांना उपचारामागील तत्त्व समजावून देण्यात आले आणि द्रावणाने रोगी सावरतात हे रुग्णालयात प्रत्यक्ष दाखविण्यात आले. पुढे त्या आयांसमोर स्वतः द्रावण पिऊ लागल्या.

तिसरे कारण घरातील पुरुषांचे होते. त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते. तेव्हा मशिदींत, बाजारांत व शाळांत त्यांच्यासाठी स्वतंत्र बैठका होऊ लागल्या. १९९० पर्यंत या कार्यक्रमाने एक कोटी वीस लाखांच्या आसपास घरांत हे ज्ञान नेले.

भारतातील अनुभव

आपल्या देशातही असाच अनुभव आला आहे. १९६२ साली कोझिकोड येथे स्थापन झालेल्या केरळ शास्त्र साहित्य परिषदेने प्रथम मल्याळम् भाषेत विज्ञानविषयक लेखन करण्यावर भर दिला. परंतु पुस्तक सर्वांच्या हाती जात नाही. म्हणून १९८० पासून परिषदेचे कलापथक गाणी व पथनाट्ये घेऊन गावोगाव फिरू लागले. भाषा आपली, चाल ओळखीची आणि सभागृह म्हणजे गावातला चौक, यामुळे श्रोत्यांना विज्ञान परके वाटले नाही.

निष्कर्ष

आता मीठ-गुळाच्या मापाऐवजी ठरावीक प्रमाणाची पुडी आरोग्यकेंद्रात व आशा कार्यकर्तीकडे मिळते. ती उपलब्ध असल्यास तीच वापरावी आणि पुडीवर लिहिलेल्या प्रमाणातच पाणी घालावे. मुलाला त्यासोबत जस्ताच्या गोळ्याही दिल्या जातात. मूल सुस्त झाले, पिऊ शकत नसले किंवा शौचात रक्त दिसले, तर त्याला विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

साधन बदलले, तरी त्यामागील शिकवण जुनी झालेली नाही. लोक कोणत्या शब्दाने काय समजतात, त्यांच्या घरात काय असते, घरात निर्णय कोण घेते आणि सांगणाऱ्याचा स्वतःचा विश्वास किती आहे, हे आधी विचारावे लागते. सांगितलेले उपयोगात येत नसेल, तर ऐकणाऱ्याला दोष देण्यापूर्वी सांगण्याची पद्धत तपासावी. लोकांना विज्ञान शिकवू इच्छिणाऱ्याने प्रथम लोकांकडून शिकावे, हेच या इतिहासाचे सार होय.