फाटलेल्या जमिनीचे पाणी

वर्धा जिल्ह्यात विहीर खणली, की बहुतेक ठिकाणी काळा दगड लागतो. त्याच नदीच्या काठाने खाली वणी-चंद्रपूरकडे गेले, की कोळशाच्या खाणी. नदी एकच, मग जमीन वेगळी का? कारण ही जमीन दोनदा फाटू पाहत होती.

पहिली वेळ सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीची. भारत, आफ्रिका, अंटार्क्टिका तेव्हा एकाच महाखंडात होते. त्याचे गोंडवन हे नाव गोंडांच्या प्रदेशावरूनच पडले. ताणामुळे वर्धा-गोदावरीच्या पट्ट्यात जमीन खचली, त्या खळग्यात नद्यांची वाळू आणि जंगले गाडली गेली. त्याचाच पुढे वालुकाश्म आणि कोळसा झाला. पण फाटणे अर्ध्यावर थांबले, महासागर काही झाला नाही.

दुसऱ्या वेळी तो झाला. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून सुटले. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्हाचे थर पसरले आणि त्यानंतर थोड्याच काळात सेशेल्सही वेगळे झाले. आपला काळा दगड म्हणजे तोच लाव्हा. जमीन नेहमी समोरासमोर ओढली जाऊनच तुटते असे नाही. भारताचे 'हिमाद्री' संशोधन केंद्र २००८ पासून ज्या स्वालबार्ड बेटांवर आहे, ती आणि ग्रीनलंड आधी एकमेकांना घासत बाजूला सरकली, मग दूर गेली.

आरोग्याशी याचा संबंध पाण्यातून येतो. पाणी ज्या खडकात मुरते, त्याची खनिजे घेऊन वर येते. काळ्या दगडातील पाण्यात फ्लोराइड सहसा कमी असते. ग्रॅनाइटसारख्या जुन्या खडकांतील पाण्यात ते जास्त असू शकते. पूर्वेकडे लाव्हाचा थर पातळ होत जातो आणि जुने खडक वर येतात. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत हा त्रास आहेच.

लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते; दुसरा स्रोत नसेल तर १.५ ही कमाल मर्यादा. त्याहून जास्त असलेले पाणी आठ वर्षांच्या आतील मुले पीत राहिली, तर त्यांच्या पक्क्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. खूप जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले, तर हाडे व सांधे आखडतात. तो संधिवात समजून गोळ्या चालू राहतात आणि पाणी तेच राहते. एकदा आखडलेली हाडे पूर्ववत होत नाहीत.

फ्लोराइडला रंग, वास, चव नाही. पाणी उकळून ते जात नाही. उलट पाणी आटले की प्रमाण वाढते. म्हणून नवा बोअर केला, की पिण्याआधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी चांगले आहे, एवढ्यावर विसंबू नका. तुमचा बोअर आणखी शंभर फूट खाली, वेगळ्याच खडकातले पाणी ओढत असेल.