साबर बोंडं, सोयरीक आणि कलम ३७७

देगलूरच्या बसस्थानकावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू एकाच बाकावर ऐकू येतात. तेलंगणाची हद्द जवळ, कर्नाटकातलं औरादही फार लांब नाही. निजामाचं राज्य सप्टेंबर १९४८ मध्ये संपलं, १९५६ मध्ये हा मुलूख द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. राज्यं बदलली तसे कायदेही एकावर एक येत गेले. इंग्रजांनी १८६० मध्ये केलेली दंड संहिता, तिच्यातल्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ सकट, हैदराबाद राज्याला लागू झाली ती थेट १९५१ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, १९१९ मध्ये, निजाम सरकारने तृतीयपंथीयांविरुद्ध वेगळा कायदा केला होता. त्यांची नोंदवही ठेवायची आणि बाईच्या वेशात रस्त्यावर गाता-नाचताना दिसले तर वॉरंटशिवाय धरायचं, अशी त्यात तरतूद होती. तेलंगणात हा कायदा कागदावर शंभर वर्षं टिकला. जुलै २०२३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला.

हे आधी सांगितलं, कारण समलिंगी प्रेम म्हणजे मुंबई-पुण्याचं फॅड असं आमच्याकडे आजही ठामपणे बोललं जातं. मी समलिंगी आहे आणि याच तालुक्यातला आहे. आम्ही इथं कायमच होतो. बाहेरून आला तो शिक्षेचा कायदा.

मराठी साहित्य-नाटकाने हा विषय तसा लवकर हाती घेतला. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगमंचावर आलं. रोहिणी हट्टंगडींनी साकारलेली मित्रा त्या काळाच्या फार पुढची होती. पाठोपाठ १९८२ मध्ये जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’ चित्रपटात महिलाश्रमातल्या दोन बायकांचं नातं आलं. २००६ मध्ये सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी आली आणि अमोल पालेकरांचा ‘थांग’ हा चित्रपटही. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट उभा केला आणि या विषयावर सातत्याने मराठीतून लिहिलं. त्यांच्या पुस्तकांचं ऋण माझ्या पिढीवर मोठं आहे. पण या कथा-नाटकांतली माणसं कॉलेजात, फ्लॅटमध्ये, संस्थांमध्ये राहणारी आहेत, आणि मित्राच्या वाट्याला शेवटी आत्महत्या येते. ‘कोबाल्ट ब्लू’ २०२२ मध्ये चित्रपट होऊन नेटफ्लिक्सवर आला तेव्हा पुण्यातली ती मराठी गोष्ट कोचीला गेली होती.

खेड्यातला म्हणून पडद्यावर जो दिसला तो नाच्या किंवा जोगता. ‘जोगवा’ आणि ‘नटरंग’ हे दोन्ही चित्रपट मला मोलाचे वाटतात. नटरंगमधला गुणा बायको-मुलाचा धनी, कुस्तीचा शौकीन. कलेपायी तो नाच्या होतो आणि गाव त्याला माणसातून उठवतं. आमच्या जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तमाशाच्या फडांपुढे गर्दी लोटते. फडात नाच्याला टाळ्या आणि फडाबाहेर ‘बायल्या’ ही शिवी, हे मी पाहत आलो. मात्र पँट-शर्ट घालून किराणा दुकान चालवणारा, सोयाबीन पेरणारा, घरात थोरला असलेला समलिंगी पुरुष मराठी पडद्यावर जवळपास नव्हताच.

तो ‘साबर बोंडं’त आला. रोहन परशुराम कानवडे यांच्या या चित्रपटाला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या स्पर्धेत परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. सप्टेंबरमध्ये तो भारतात प्रदर्शित झाला. कानवडे स्वतः समलिंगी आहेत, मुंबईच्या गरीब वस्तीत वाढले आहेत आणि वडिलांच्या मृत्यूनंतर गावी काढलेल्या दिवसांवर त्यांनी ही कथा बेतली आहे. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद वडिलांचे दहा दिवस पाळायला गावी येतो. सुतकातल्या घरात नातेवाइकांची एकच चौकशी असते, लग्न कधी? तिथंच त्याला बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो. बाळ्या शेती करतो, आणि त्याच्याही मागे लग्नाचा लकडा आहे. आनंदच्या आईला सगळं ठाऊक आहे. भावकीला ती सांगते की एका मुलीने दगा दिला म्हणून पोराचं मन लग्नावरून उडालंय. अशी आई मराठी चित्रपटात मी पहिल्यांदा पाहिली. ती झेंडा घेत नाही, भाषण करत नाही. लेकरासाठी खोटं बोलते आणि त्याला जवळ ठेवते.

आमच्याकडे हा लकडा आणखी कठीण असतो. मराठवाड्यात, आणि सीमेकडे तर जास्तच, मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. पाळण्यात असल्यापासून ‘ही तुझी नवरी’ म्हणून चिडवलं जातं. अशा घरात पोराने नकार दिला तर नुसतं स्थळ मोडत नाही, आईचं माहेर तुटतं. भाऊबीजेला भावाच्या घरी कोणत्या तोंडाने जायचं, हा तिचा प्रश्न असतो आणि तो खोटा नसतो. म्हणून बरेच जण बोहल्यावर उभे राहतात. मग एक मुलगी, जिचा यात काडीचा दोष नाही, आयुष्यभर स्वतःलाच कमी समजत राहते. समलिंगी पुरुषाच्या सक्तीच्या लग्नात सगळ्यात मोठी किंमत तीच मोजते. याबद्दल आम्ही पुरुषांनीही पुरेसं बोललेलं नाही.

राजकारणाच्या बातम्या मी याच चौकटीत वाचतो. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध ३७७ मधून सोडवले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि ते कलम पूर्णच गेलं. त्याबरोबर प्रौढ पुरुषावर बलात्कार झाला तर लावायचं कलमही गेलं. लग्नाच्या हक्काच्या खटल्यात पहिलं नाव हैदराबादच्या जोडप्याचं होतं, देगलूरहून दवाखान्यासाठी लोक जातात त्याच हैदराबादचं. केंद्राने राज्यांची मतं मागवली तेव्हा महाराष्ट्राने आणखी चर्चा हवी असं कळवलं. १७ ऑक्टोबर २०२३ ला न्यायालयाने हा हक्क नाकारला आणि जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या.

पक्षांपैकी राष्ट्रवादी काँग्रेसने ऑक्टोबर २०२० मध्ये आमच्या समाजासाठी वेगळा सेल काढला. १ एप्रिल २०२२ ला सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात बदल सुचवणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. विधेयक पुढे सरकलं नाही, तरी मराठी खासदाराने ते मांडलं याचं मोल मला आहे.

गावाच्या उपयोगाचं खरं पाऊल मात्र गाजावाजा न होता पडलं. २८ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना खात्याचे नॉमिनी म्हणून नोंदवायला कोणतीही आडकाठी नाही. रेशनकार्डावर अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले धरावं, असंही राज्यांना कळवलं गेलं. ही कामं तहसील कचेरीत आणि बँकेच्या खिडकीवर होतात. तिथल्या माणसाला या सूचना माहीत नसतील तर त्या आमच्यासाठी नसल्यातच जमा.

देगलूरला राजकारण परकं नाही. २०२१ च्या पोटनिवडणुकीत राज्याचे नेते इथं ठाण मांडून होते. ७ नोव्हेंबर २०२२ ला भारत जोडो यात्रा महाराष्ट्रात शिरली ती देगलूरमधूनच. पुढच्या प्रचारात जे दारात येतील त्यांना विचारा, तहसील कचेरीला रेशनकार्डाची ही सूचना पोचवणार का? आणि तुमच्या घरातला पोरगा स्थळ बघायला वारंवार नाही म्हणत असेल, तर मामाला तारीख देण्याआधी त्याला एकट्याला बसवून कारण विचारा. तो जे सांगेल ते ऐका, आणि लग्न लावू नका.