बिडाच्या पाईपचा सांधा: ताग, शिसं आणि हातोडीचे ठोके

लोकलच्या गर्दीत ज्यांना आजचा भाग नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी हे त्याचं लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' तेवढे कमी केलेत, बाकी सगळं तसंच आहे.

विषय ऐकून नाक मुरडाल: सांडपाण्याचे पाईप. पण गिरगाव, लालबाग, दादर, माटुंगा अशा भागात जुन्या इमारतीत राहत असाल, तर हा विषय तुमच्या भिंतीच्या पलीकडेच उभा आहे. पावसाळ्याआधीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, "पाईप गळतोय, सगळी लाईन बदलून टाका." दुसरं कुणी म्हणतं, "कशाला खर्च? वरून पुट्टी मारा." पण गळतंय नेमकं कुठून, पाईपमधून की सांध्यातून, हे फारसं कुणी विचारत नाही. या एका प्रश्नावर बरेच पैसे आणि तळमजल्यावरच्या माणसाची झोप अवलंबून असते.

आधी पाईप ओळखूया

घरात डोशाचा जाड काळा तवा आहे ना? तो बिडाचा. बीड म्हणजे ओतीव लोखंड, त्यात कार्बन साधारण २ ते ४ टक्के. कडक, टिकाऊ, पण ठिसूळ. तवा आपटला तर वाकत नाही, सरळ तडकतो. जुन्या इमारतींच्या मागच्या बाजूचे जाड पाईप याच धातूचे.

एक पाईप साधारण सहा फुटांचा. त्याचं एक टोक साधं, दुसरं घंटेसारखं रुंद. त्या रुंद तोंडाला सॉकेट म्हणतात. सॉकेट नेहमी वरच्या बाजूला असतं आणि वरच्या पाईपचं साधं टोक त्यात उतरतं, एकात एक ठेवलेल्या पेल्यांसारखं. त्यामुळे पाणी फटीवर आपटत नाही, सरळ खाली जातं. चार मजली इमारतीच्या एका उभ्या लाईनवर असे सात-आठ सांधे सहज असतात. प्रत्येक मजल्यावरचे फाटे वेगळेच.

आता प्रश्न हा की आतला पाईप आणि बाहेरचं सॉकेट यांच्यामध्ये जी गोल फट राहते, ती भरायची कशाने?

आधी दोरी, मग धातू

जुनी पद्धत अशी. ताग किंवा हेम्पची सैल वळलेली दोरी घ्यायची, कधी डांबरात भिजवलेली. कारागीर तिला 'स्पन यार्न' म्हणतात. पाईपभोवती वेढे देत ती फटीत तळापर्यंत ठासायची. वरची साधारण २५ मिलिमीटर जागा मोकळी सोडायची. त्या जागेत वितळलेलं शिसं ओतायचं. चार इंची पाईपच्या एका सांध्याला साधारण एक किलो शिसं लागतं.

दोरीची कामं दोन. पाईप सॉकेटच्या बरोबर मध्ये धरायचा आणि शिशाचा रस पाईपच्या आत गळू द्यायचा नाही. दोरी सैल ठासली तर थेंब आत जाऊन थिजतात, आणि मग पुढची कित्येक वर्षं तिथे कचरा अडकत राहतो.

ही जोडी प्लंबरच्या आधी जहाज बांधणाऱ्यांना माहीत होती. लाकडी जहाजाच्या फळ्यांमधल्या फटीत ते जुन्या दोरांचा पिंजलेला काथ्या ठासत आणि वर डांबर ओतत. आपल्याकडच्या खलाशांच्या बोलीत या कामाला 'कालापत्ती' म्हणत. हा शब्द पोर्तुगीज 'कलाफात'वरून आला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या तुरुंगांत कैद्यांना जुने दोर उसवून तो काथ्या काढायची शिक्षाच असे. तुमच्या पाईपमधल्या दोरीचं नातं थेट त्या गोदीशी आहे.

मग शिसंच का?

शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे साध्या भट्टीवरही काम होतं. बिडाला वितळायला ११०० अंशांहून जास्त लागतात, त्यामुळे पाईपला धक्का नाही. आणि शिसं मऊ असतं. हा गुण सगळ्यात महत्त्वाचा.

कारण थिजताना शिसं थोडं आकसतं. म्हणजे नुसतं ओतून सोडलं तर कडेला बारीक फट राहणारच. म्हणून सांधा खऱ्या अर्थाने बंद होतो तो ओतल्यानंतर. बोथट छिन्नीसारखं हत्यार आणि हातोडी घेऊन कारागीर गोल फिरत शिसं ठासतो, एक फेरी पाईपच्या कडेने, एक फेरी सॉकेटच्या कडेने. मऊ धातू पसरून दोन्हीकडे घट्ट बसतो. जोर जास्त झाला तर बिडाचं सॉकेट तडकतं, कमी झाला तर सांधा गळतो. मी हे काम एकदा जवळून पाहिलंय. त्या वयस्कर प्लंबरकाकांचं लक्ष डोळ्यांपेक्षा कानाकडे होतं. ठोक्याचा आवाज बदलला की ते पुढे सरकायचे.

रस एकाच धारेत ओतावा लागतो. थांबून पुन्हा ओतलं तर दोन थर एकजीव होत नाहीत. आडव्या पाईपला रस खाली सांडेल, म्हणून सॉकेटच्या तोंडाशी दोर गुंडाळतात, वरच्या बाजूला चिकणमातीने ओतायला छोटं तोंड करतात. हा दोर पूर्वी ॲस्बेस्टॉसचा असे. त्याचे तंतू फुप्फुसात गेले की काय होतं, ते आता आपल्याला माहीत आहे.

आणि सांध्यात पाण्याचा थेंब राहिला असेल तर? त्याची क्षणात वाफ होते, आकारमान हजार पटींहून जास्त वाढतं आणि उकळतं शिसं अंगावर उडतं. म्हणून रील बघून हा प्रयोग गच्चीवर करू नका. मी हे गंमतीत म्हणत नाहीये.

बाकीचे दोन प्रकार

एक गंजाचा सांधा. बिडाचा कीस, नवसागर आणि थोडं गंधक पाण्यात कालवून फटीत ठासायचं. कीस गंजतो, गंजताना फुगतो आणि फट बंद होते. पण फुगणं जास्त झालं तर सॉकेटच फुटतं.

दुसरा सिमेंटचा. दोरी ठासून वर सिमेंट. स्वस्त, शिशाच्या धुराची भीती नाही. पण सिमेंट ताठ असतं. इमारत दिवसाच्या उन्हात आणि रात्रीच्या गारव्यात जराशी हलत असते. शिसं थोडं दबून घेतं, सिमेंटला मात्र बारीक तडा जातो.

पेपरमिंटचा वास

सांधा नीट बसलाय का, हे बघायची जुनी इंग्रजी युक्ती मला फार आवडते. गच्चीवर पाईपच्या वरच्या तोंडातून पेपरमिंटचं तेल आणि गरम पाणी ओतायचं. दुसऱ्या माणसाने घराघरात हुंगत फिरायचं. वास आला तिथे गळती. अट एकच, तेल ओतणाऱ्याने घरात यायचं नाही, नाहीतर त्याच्या हाताचाच वास सगळीकडे!

मग करायचं काय?

एक, आधी बघा. ओल सांध्याच्या खाली सुरू होते की पाईपच्या मध्यावर? पाईपची भिंतीकडची बाजू खास बघा. तिथे ब्रश पोचत नाही, म्हणून रंग लागत नाही आणि गंज तिथूनच खातो. पाईपच कुजला असेल तर सांधा दुरुस्त करून उपयोग नाही.

दोन, सांध्यातून पिंपळ उगवलाय का? नुसता वरून कापू नका. मूळ आत राहिलं तर ते जाड होत जातं आणि सांधा उघडतं.

तीन, बाहेरून पुट्टी थापणं म्हणजे दार उघडं ठेवून उंबऱ्यावर पोतं टाकणं. सांधा आतून भरलेला असतो, दुरुस्तीही तिथेच हवी. शिशाचा सांधा थोडा ढिला झाला असेल, तर जाणकार माणूस तो पुन्हा ठासून बंद करू शकतो.

चार, लाईन बदलायचीच असेल तर पीव्हीसी चालतं. फक्त उन्हाने ते बिडाच्या पाच-सहा पट प्रसरण पावतं, म्हणून रबर रिंगचे सांधे आणि पुरेसे क्लॅम्प आहेत ना, हे विचारा. पाण्याचा खळखळाटही जास्त ऐकू येईल.

पाच, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. जुने सांधे फोडताना पडणारं शिसं पोरांच्या हाती लागू देऊ नका. काम करणाऱ्यांनी टॉर्चने सांधे तापवून शिसं काढत बसू नये. मास्क, हातमोजे आणि जेवायच्या आधी साबणाने हात धुणं या गोष्टी कंत्राटातच लिहून घ्या. शिसं शरीरात हळूहळू साठतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा धोका सर्वात जास्त.

पुढच्या मीटिंगला मोबाईलवर सांध्यांचे फोटो काढून न्या. "सगळं बदला" म्हणणाऱ्याला विचारा, "काका, यातला गळणारा सांधा कुठला?" बघा काय उत्तर मिळतं ते. भेटू पुढच्या भागात!