रवांडाला निघताना: मंदिर मार्ग ते किगाली

रवांडाला जायचं ठरलं की दिल्लीतला माणूस आधी विमानाची तिकिटं बघायला बसतो. आधी बघायची ती लशीची तारीख. पीतज्वर, म्हणजे आपण सगळे ज्याला ‘यलो फीवर’ म्हणतो, त्याची लस घेतल्यावर तिचं प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून वैध धरलं जातं. सोमवारी लस आणि शुक्रवारी उड्डाण असं केलंत तर हातातलं पिवळं कार्ड त्या दिवशी कागदाचा तुकडाच असतं.

खुद्द रवांडात या तापाचा धोका कमी मानतात. मग लस कशासाठी? परतण्यासाठी. किगालीचा प्रवासी बहुधा इथिओपियातल्या अदिस अबाबामार्गे जातो आणि आफ्रिकेपर्यंत गेलोच आहोत तर युगांडा किंवा केनियाही जोडतो. हे तिन्ही देश भारताच्या पीतज्वराच्या यादीत आहेत. तिथून आलेल्या प्रवाशाकडे वैध कार्ड नसेल तर विमानतळावरचे आरोग्य अधिकारी त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. अदिसला नुसतं विमान बदललं आणि विमानतळाबाहेर पाऊल टाकलं नाही, तर सूट मिळू शकते. पण तसं अधिकाऱ्याला पटवावं लागतं, आणि तेही रात्रभराच्या प्रवासानंतर, दिल्ली विमानतळाच्या ‘टी-थ्री’वरच्या रांगेत. एका सुईने काम भागत असताना ही हुज्जत कशाला?

भारत इतका काटेकोर आहे त्याला कारण आहे. हा विषाणू पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्याकडे मुबलक आहे. दिल्लीत दर पावसाळ्यानंतर डेंग्यू पसरवतो तो हाच. डास आहे, विषाणू मात्र अजून इथे रुजलेला नाही. ताप घेऊन आलेला एक प्रवासी आणि कूलरमधलं साचलेलं पाणी, एवढंही पुरेसं ठरू शकतं.

लस कोणत्याही दवाखान्यात घेऊन चालत नाही, सरकारमान्य केंद्रच लागतं. दिल्लीत मंदिर मार्गावर नवी दिल्ली नगरपालिकेचं आंतरराष्ट्रीय लसीकरण केंद्र आहे. आर. के. आश्रम मार्ग मेट्रो स्थानकावर उतरायचं. पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेकडे जाणाऱ्यांना हा भाग ओळखीचा. राममनोहर लोहिया रुग्णालयातही सोय आहे. लशीचे वार आणि वेळा ठरलेल्या असतात, कारण एका कुपीत अनेक डोस असतात आणि कुपी एकदा मिसळली की काही तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. म्हणून आधी नाव नोंदवा आणि मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. अंड्याची ॲलर्जी, गरोदरपण, साठीपुढचं वय, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. ही जिवंत विषाणूची लस आहे आणि ती कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. केंद्रावरून निघण्याआधी कार्डावरचं नाव, पासपोर्ट क्रमांक आणि शिक्का तिथेच उभं राहून ताडून पाहा. 2016 पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, तेव्हा पासपोर्टाइतकंच जपा. घरबसल्या कार्ड आणून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच फेरीत विचारून घ्या. पीतज्वराची लस मलेरियाला रोखत नाही.

व्हिसाचं त्या मानाने सोपं. रवांडा 2009 मध्ये राष्ट्रकुलात आला आणि राष्ट्रकुलातल्या नागरिकांना तीस दिवसांच्या भेटीसाठी व्हिसा शुल्क माफ केलेलं आहे. नियम बदलतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी दिल्लीतल्या रवांडाच्या उच्चायुक्तालयाकडे एकदा विचारावं. युगांडा आणि केनियाही करायचे असतील तर तिन्ही देशांचा मिळून नव्वद दिवसांचा पर्यटक व्हिसा शंभर डॉलरला मिळतो.

जून ते सप्टेंबर हा तिथला कोरडा काळ. दिल्ली भाजून निघत असते तेव्हा दीड हजार मीटर उंचीवरच्या किगालीत संध्याकाळी स्वेटर लागतो. मार्च ते मे पावसाचे. घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. विषुववृत्त जवळ असल्याने बाराही महिने सहाच्या सुमाराला उजाडतं आणि सहाच्या सुमाराला अंधारतं.

डॉलर न्या, पण नोटा नव्या आणि न फाटलेल्या. जुन्या मालिकेच्या नोटा पूर्व आफ्रिकेत नाकारतात, बँकसुद्धा. रवांडन फ्रँक तिथेच घ्या.

सामान भरताना आपली माणसं हमखास अडकतात ती पिशव्यांत. रवांडात 2008 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि विमानतळावर त्या काढून घेतात. चकल्या, लाडू, मेतकूट स्टीलच्या डब्यात. चपला कापडी पिशवीत. शाकाहारी माणूस तिथे उपाशी राहत नाही. शिजवलेलं हिरवं केळं, राजम्यासारख्या घेवड्याची उसळ, भात आणि बटाटा दुपारच्या बुफेत असतातच. कसाव्याच्या पानांची ‘इसोंबे’ ही भाजी घेताना मात्र मांस-मासळी घातलीय का ते विचारा. ‘मुराहो’ म्हणजे नमस्कार, ‘मुराकोझे’ म्हणजे आभार. बाकी इंग्रजीवर निभावतं.

वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात, म्हणून रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. शहरात मोटरसायकलची टॅक्सी स्वस्त. मागे एकच माणूस, आणि त्यालाही हेल्मेट. लाजपतनगरच्या सवयी तिथे चालत नाहीत. महिन्याचा शेवटचा शनिवार ‘उमुगांडा’चा. सकाळी आठ ते अकरा लोक मिळून गावाची साफसफाई, दुरुस्ती करतात, दुकानं बंद आणि रस्ते रिकामे असतात. त्या वेळेत विमानतळ गाठायचा असेल तर हॉटेलात आदल्या दिवशी सांगून ठेवा.

7 एप्रिलपासूनचा आठवडा 1994 च्या नरसंहाराच्या स्मरणाचा असतो. शंभर दिवसांत आठ ते दहा लाख माणसं मारली गेली. किगालीतल्या गिसोझी इथल्या स्मारकाच्या आवारात अडीच लाखांहून अधिक मृतांचं दफन झालेलं आहे. तिथे अर्धा दिवस ठेवा आणि त्याच दिवशी दुसरं काही ठरवू नका. कोणालाही ‘तुम्ही हुतू की तुत्सी?’ असं विचारू नये, ड्रायव्हरशी कितीही गप्पा रंगल्या तरी.

राहिले गोरिला. व्होल्कॅनोज राष्ट्रीय उद्यानातला परवाना माणशी दीड हजार डॉलर. आठ जणांचा गट, गोरिलांसमोर एक तास, वय किमान पंधरा. सर्दी-खोकला असेल तर वर जाऊ देत नाहीत, कारण आपला आजार त्यांना लागतो. परवाने मोजके असतात, म्हणून विमानाआधी परवान्याची तारीख पक्की करावी. चौघांच्या कुटुंबाला हा खर्च मला तरी पटत नाही. त्याच डोंगरात सोनेरी माकडं बघायचा परवाना याच्या कितीतरी कमी पैशांत मिळतो, आणि पूर्वेला अकागेरा उद्यानात 2015 मध्ये पुन्हा आणलेले सिंह आहेत. ज्याला गोरिलाच बघायचा आहे, त्याने युगांडाचा भावही विचारावा. तिथला परवाना बराच स्वस्त पडतो, आणि ब्विंडीचं जंगल किगालीहून गाडीने एका दिवसात गाठता येतं.